चढणीवरची बस

लोक सांगतात, आमच्या गावचा रस्ता गेला म्हणून माझ्या नवऱ्यानं शाळेची बस फोर बाय फोर करून घेतली. हे अर्धंच खरं आहे. रस्ता गेला म्हणून बस बदलली, आणि बस बदलली म्हणून रस्ता कायमचा गेला. हा दुसरा अर्धा भाग गावात कुणी बोलत नाही, कारण तो बोलायला गेलं की बऱ्याच जणांची तोंडं वाकडी होतात. मी बोलते. मला आता कुणाची भीडभाड उरलेली नाही.

आमचं गाव पनवेल तालुक्यात, डोंगराच्या अंगावर. कोन गावच्या नाक्यावरून आत वळलं की आधी बरा रस्ता लागतो, तो खडीच्या खाणीपर्यंत. खाणीच्या डंपरांना तो लागतो, म्हणून तो बरा. खाणीच्या गेटापासून पुढे चढण, आणि चढण संपली की आम्ही. खाण दरवर्षी डोंगर खात वर सरकली, तसे डंपरही चढणीवर आले. त्यांच्या चाकांखाली आधी डांबर गेलं, मग खडी गेली, आणि उरली ती दगडाची राखाडी भुकटी. उन्हाळ्यात ती नाकातोंडात जायची आणि पावसात तिचा असा राडा व्हायचा की माणूस उभ्या जागी खाली घसरायचा.

खाण शेठची. आमच्या भागात ज्याची जमीन विकली गेली तो प्रत्येकजण शेठ असतो, पण हे खरेखुरे शेठ. खाण त्यांची, डंपर त्यांचे, आणि आमच्या भागातून जिल्हा परिषदेवर निवडून गेलेले सदस्यही तेच. त्यामुळे रस्ता कुणी बिघडवला आणि त्याची तक्रार कुणाकडे करायची, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं.

गावात शाळा सातवीपर्यंत. माझं माहेर उरणकडचं, मिठागराच्या कडेचं, तिथंही सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि बापानं सांगितलं, बास झालं. लग्नानंतर मी बाहेरून दहावीला बसले. पुस्तक तांदळाच्या डब्यामागे ठेवायचे आणि सासू शेजारी गेली की वाचायचे. पास झाले तेव्हा कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटली, जसं काही मी घरातून काहीतरी चोरलं होतं. म्हणून माझी मुलगी आठवीत गेली तेव्हा मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली. हिनं दहावी शाळेच्या बाकावर बसून द्यायची, युनिफॉर्म घालून, मैत्रिणींच्या घोळक्यात, उजळ माथ्यानं. बाकी मला आयुष्याकडून फार काही नको होतं.

नवऱ्यानं जमिनीच्या पैशातून एक जुनी मिनीबस घेतली होती. तिला पिवळा रंग मारून तो गावातली पोरं कोनच्या पुढच्या हायस्कुलात न्यायचा. शाळेच्या बसमध्ये एक बाई असावी लागते, ती मी. सगळी पोरं मला काकी म्हणायची. माझी मुलगीही बसमध्ये मला काकीच म्हणायची आणि तोंडावर हात ठेवून हसायची.

पावसाळ्यात बस चढणीवर अडायची. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, बस तिरकी व्हायची, आणि मी पोरांना उतरवून रांगेनं वर चालवायचे. पांढरे शर्ट घरी पोचेपर्यंत राखाडी. मग नवऱ्यानं बस खाणीच्या गेटाशीच उभी करायला सुरुवात केली. पोरं तिथपर्यंत उतरून यायची. धो धो पाऊस असला की पोरगे येत, पोरी येत नसत. असे पोरींचे दिवस बुडायला लागले, आणि दिवस बुडायला लागले की आमच्याकडे पोरीची शाळा सुटायला फार वेळ लागत नाही.

गावाचे अर्ज मीच लिहिते. रस्त्याचा अर्जही मी लिहिला, बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले, आणि आम्ही चारचौघी पनवेलच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिलो. साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेब बदलले. तरी शेवटी कुणालातरी आमची दया आली असावी. पुढच्या पावसाळ्यानंतर मोजणी करू, काँक्रीटचा रस्ता धरला आहे, असं सांगण्यात आलं. मी घरी येऊन गोड भात केला.

त्याच सुमारास रविवारी आमच्या चढणीवर जीपवाले यायला लागले. खारघरकडची पोरं, चांगल्या घरची, उंच चाकांच्या जिपा घेऊन मुद्दाम आमच्या चिखलात यायची. घसरायची, ओरडायची, एकमेकांचे व्हिडिओ काढायची. आमच्या पोरांना ज्या राड्यानं शाळा बंद होती, तो राडा खेळायला हे लोक पेट्रोल जाळत येत. त्यातला एकजण मला म्हणाला, ‘‘आंटी, तुमच्याकडचा ट्रॅक एकदम भारी आहे.’’

मी म्हटलं, ‘‘ट्रॅक नाही हा. शाळेचा रस्ता आहे.’’

तो खळखळून हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

नवरा मात्र त्या जिपांच्या पुढच्या चाकांकडे बघत बसायचा. त्याच्या लक्षात आलं की त्यांची पुढचीही चाकं जोर लावतात, आपल्या बसची पुढची नुसती फरपटत जातात. एक जीप रुतली तेव्हा हा मदतीच्या निमित्तानं सरळ तिच्याखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. चिखलानं माखून घरी आला आणि ओटीवर उभा राहून म्हणाला, ‘‘आपली बस पन तशीच करायची. चारी चाकां फिरली पायजेत.’’

‘‘रस्ता होनार हाय ना पुढच्या साली?’’ मी म्हटलं.

‘‘होनार तवा होनार. तवर पोरीला काय घरी ठेवतेस?’’

हा माणूस हट्टी आहे, दिखाऊ आहे, पण पोरीसाठी त्यानं जे केलं ते केलं. तेवढं श्रेय मी त्याला देते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

मिस्त्री ओवे गावचे, त्यांची शेड तळोजात, केमिकलच्या कंपन्यांच्या मागच्या गल्लीत. नवरा त्यांना चाचा म्हणायचा. उन्हाळ्याच्या सुटीत बस तिथं उभी राहिली आणि तिचं पोट फाडलं गेलं. लष्कराच्या लिलावातून भंगारात आलेल्या एका ट्रकचा पुढचा एक्सल त्यांनी हुडकला. सोबत त्याचा ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागे-पुढे वाटून देणारा डबा. पण नुसता एक्सल बसवून भागत नाही. पुढची आणि मागची चाकं एकाच हिशेबानं फिरावी लागतात, नाहीतर ती एकमेकांशी भांडतात आणि गाडी अडते. आणलेला एक्सल भांडणारा निघाला. दुसरा शोधण्यात अर्धा मे महिना गेला, त्यात चाचा भाच्याच्या लग्नाला महाडला गेले आणि येण्याचं नाव काढीनात. नवऱ्यानं त्यांना फोनवर ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

मी डबा घेऊन जायचे. त्या गल्लीत कुजक्या अंड्यासारखा वास भरलेला असायचा, डोळे चुरचुरायचे, आणि हे दोघे बसखाली उताणे पडून वाद घालत असायचे. नवा एक्सल इंजिनाच्या खालच्या अंगाला लागत होता, म्हणून पुढचे स्प्रिंगचे पाटे बदलून बॉडी उचलावी लागली. चेसिसवरच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच्या, जुन्या एक्सलच्या पकडी गॅसनं कापून टाकल्या. जुना एक्सल शेडच्या दारात पडून होता, तो एक दिवस भंगारवाला घेऊन गेला. कुणी हटकलं नाही.

बस उंच झाली, पोरं होती तेवढीच राहिली. पहिली पायरी माझ्या मांडीपर्यंत आली होती. चाचांनी खाली लोखंडाची एक घडीची पायरी जोडली, ती दुसऱ्याच आठवड्यात दगडाला लागून मोडली. त्यानंतर आठवीची बुटकी पोरं मी काखेत हात घालून वर चढवत होते.

गाडी ताब्यात देताना चाचा नवऱ्याशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले. ‘‘वहिनी, ही चढेल. इन्शाअल्ला, भिंतीवर पण चढेल. पण कागदावर ही जुनीच गाडी आहे. आरटीओवाल्यानं खाली वाकून बघितलं की खल्लास. तुमचा रस्ता होईपर्यंत गुमान चालवा. मिरवू नका.’’

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान डोलावली. पण आमच्या लोकांना गुमान काही करता येत नाही. लग्न गुमान होत नाही, हळद गुमान होत नाही, आजारातून माणूस बरा झाला तरी वाजवायला बेंजो लागतो. शाळा उघडली त्या दिवशी बसला झेंडूची माळ, समोर बेंजो आणि चढणीच्या दोन्ही बाजूंना सगळा गाव. नारळ मीच फोडला.

आणि ती चढली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशीइतकी मी कधीच खूश झाले नाही. नवऱ्यानं खालच्या गेटाशी गाडी थांबवली, चारी चाकांना जोर देणारा लहान दांडा मागे ओढला, इंजिनाचा आवाज जाड झाला. पुढची चाकं राड्यात बुडाली, आणि बस हळूहळू, न घसरता, सरळ वर निघाली. बायका बाजूनं चालत होत्या आणि बस त्यांच्याच चालीनं येत होती. माझ्या मुलीनं खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हटलं, ‘‘आई, आता एक पन दिवस बुडनार नाय.’’ बसमध्ये ती मला पहिल्यांदाच आई म्हणाली.

तो आठवडा संपायच्या आत कोनच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. आमच्या भागात फ्लेक्स कशाचाही लागतो. बैल शर्यतीत पहिला आला तर लागतो, पोरगा बारावीला काठावर पास झाला तर लागतो, कुणाच्या कुत्र्याचा वाढदिवस असला तरी कुत्र्याच्या गळ्यात सोन्याची चेन दाखवून लागतो. त्यामुळे हा लागणारच होता. वर लिहिलं होतं, ‘तालुक्यातील पहिली फोर बाय फोर शाळेची बस’. मधे बस. एका कोपऱ्यात माझा नवरा, गॉगल लावून, हात जोडून. आणि त्याच्या दुप्पट आकाराचा शेठचा चेहरा, त्याखाली ‘सन्माननीय सदस्यांच्या विशेष प्रयत्नातून’.

शेठनं त्या बसला एक नटसुद्धा दिला नव्हता. फ्लेक्स मात्र त्यांनी दिला होता.

मी घरी भांडले. ‘‘चाचांनी काय सांगितला व्हता? आनि शेठचा थोबाड कशाला त्याच्यावर?’’

‘‘शेठ बोलला, मी लावतो, तुजा फोटो पन टाकतो. नको कसा बोलनार? आपलाच मानूस हाय.’’ आणि मग, मला समजवायच्या सुरात, ‘‘जल्मात पयल्यांदा माजा फोटो लागलाय गो नाक्यावर. चार दिस राहू दे.’’

चार दिवसांचे दोन महिने झाले. आमच्याकडे फ्लेक्स कुणी काढत नाही, त्याच्यावर दुसरा लागेपर्यंत तो राहतो. येणारा-जाणारा नवऱ्याला हात दाखवायचा, त्याच्याबरोबर सेल्फी काढायचा. कुणीतरी मोबाइलवर बातमी केली. जीपवाल्या पोरांनी चढणीवरचा व्हिडिओ फिरवला. नवरा रोज सकाळी काच पुसायच्या आधी केस विंचरायला लागला.

गणपतीच्या आधी रस्त्याचे साहेब आले. मोजणीला आले असं समजून मी धावत खाणीच्या गेटापर्यंत उतरले. त्यांची गाडी गेटाशीच थांबली होती, पुढे चढत नव्हती. साहेब भला माणूस, आवाज न चढवता बोलणारा. त्यांनी मोबाइल काढून मला फ्लेक्सचा फोटो दाखवला.

‘‘ताई, तुमच्या गावाची सोय झालेली दिसते. सदस्यांनीही तसंच कळवलंय. पावसातसुद्धा बस जाते म्हणतात.’’

‘‘साहेब, ती बस आमची आहे. आमच्या पदरची. तिच्यात सदस्यांचं काही नाही.’’

‘‘मग त्यांचा फोटो का लावलात?’’

मी अर्ज लिहिते, मला बोलता येतं असं गाव म्हणतो. त्या वेळी मी मोबाइलमधल्या नवऱ्याच्या गॉगलकडे बघत राहिले. साहेबांनी समजुतीनं सांगितलं की ज्या वाड्यांना काहीच साधन नाही त्यांचं आधी बघावं लागतं, आमचं काम पुढच्या टप्प्यात घेऊ. मी म्हटलं, साहेब, एकदा चालत वर तरी चला. त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं आणि घड्याळाकडे बघितलं. काँक्रीट दुसऱ्या गावाला गेलं. त्या गावाला रस्ता मिळाला याचं मला वाईट वाटायला नको, पण वाटतं.

त्या संध्याकाळी मी शेठच्या बंगल्यावर गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाले, ‘‘वयनी, रस्ता झाला असता त माझंच डंपर त्याच्यावरून गेलं असतं ना? फुटला असता त तुमीच वरडला असता. बस हाय ना? बसच बरी.’’ हे ते हसत म्हणाले. मी चहा न पिता उठले, एवढाच काय तो माझा पराक्रम.

बसही राहिली नाही. कोनच्या नाक्यावर आरटीओचं पथक उभं होतं. आमची बस वळली, आणि तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं आधी फ्लेक्सकडे बघितलं, मग बसकडे, आणि शिट्टी मारली. तो खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. उठला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर झाला होता. नवऱ्यावर तो ओरडला नाही. पोरांना आधी शाळेत सोडा म्हणाला आणि स्वतः पुढे बसून आला. पोरं उतरल्यावर मला म्हणाला, ‘‘ताई, चेसिस कापलेली आहे. वजन वर गेलंय. चढणीवर ही बस उलटली तर? माझी मुलगी असती तर मी तिला यात बसवलं नसतं.’’

‘‘तुमच्यावर ती वेळच येणार नाही,’’ मी म्हटलं. ‘‘तुमच्या दारापर्यंत रस्ता आहे.’’

तो चुकीचं बोलत नव्हता, हेच मला जास्त झोंबलं. तसली गाडी दुसऱ्या कुणाची असती तर मीही हेच म्हटलं असतं. बस त्यानं नेली. मूळ होती तशी करून आणा, मगच शाळेसाठी पुन्हा पास होईल, असं सांगण्यात आलं. आम्ही चाचांकडे गेलो. त्यांनी कपाळावर हात मारला. तसा जुना एक्सल आता सहजासहजी मिळणार नाही, आणि कापलेल्या चेसिसवर तो लावला तरी पासिंगवाला सोडणार नाही. ‘‘मी बोललो होतो, मिरवू नका,’’ एवढंच म्हणाले आणि पुन्हा दुसऱ्या गाडीखाली शिरले.

दिवाळीपर्यंत बस अंगणात उभी होती. मग ती शेठनं घेतली. खाणीत कामाला वरून माणसं न्यायला त्यांना अशीच गाडी हवी होती. पासिंगचं काय, असं मी विचारलं तेव्हा सगळे मी खुळी असल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. चढणीवर आरटीओ कधी येत नाही, कारण त्यांची गाडी तिथं चढत नाही. बसवरचं शाळेचं नाव पिवळ्या रंगानं पुसलं. आणि ती चढणीवर नीट चालवता येणारा गावात एकच माणूस होता, म्हणून माझा नवरा स्वतःच्याच बसवर शेठचा ड्रायव्हर झाला.

मी त्याच्याशी भांडणं सोडून दिलं. काय भांडणार? सकाळी सातला तो खाली जायचा. त्याच वेळी मी मुलीला आणि आणखी काही पोरींना घेऊन पायी निघायचे. शाळेची मुलं त्या बसमध्ये बसवायची नाहीत असं शेठनं बजावलं होतं. काही झालं तर नस्ती भानगड, असं त्यांचं म्हणणं. बस आमच्या बाजूनं जायची, तेव्हा नवरा समोर बघायचा. खाणीच्या गेटाशी ती थांबायची. तिथून पुढे शाळेपर्यंतचा रस्ता आम्ही डंपरच्या कडेनं तुडवायचो. पोरगे कुणाच्यातरी मोटारसायकलवर, नाहीतर डंपरच्या केबिनमध्ये बसून जायचे. पोरींना तसं कोण बसू देणार?

हळूहळू पोरी गळाल्या. एकीची आई म्हणाली, घरी काम असतं. एकीचा बाप म्हणाला, पोरगी मोठी झाली, रस्त्यावर कशाला? एकीचं काहीच कारण कुणी सांगितलं नाही, ती नुसती यायची थांबली. नववीच्या शेवटी माझ्याबरोबर माझी एकटी मुलगी उरली. तिनं नववी पार केली, चांगल्या मार्कांनी केली. मी म्हणायचे, एकच वर्ष राहिलं, एवढं एक वर्ष आपण ओढून नेऊ.

दहावीचा जून लागला. शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. चढणीवर माझा पाय सरकला आणि मी गुडघ्यावर आपटले. फार लागलं नव्हतं. मुलीनं मला उठवलं, पदराची भुकटी झटकली, आणि तिथंच उभी राहून म्हणाली, ‘‘आई, बास. मना नको शाळा. माज्यापायी तू रोज मरतंस.’’

मी म्हटलं, चल पुढे. ती हलली नाही. मी ओरडले, चार माणसं बघत असताना ओरडले. तिचा आवाज शांत होता. ‘‘मैत्रिनी पन नाय कुनी. मी एकटी बसतंय बाकावर. घरी चल.’’ आणि तिनं माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि डोंगराकडे वळली. मला तिचा राग आला, नवऱ्याचा आला, शेठचा आला, त्या भल्या साहेबाचा आला, पण त्यातला एकही राग तिला परत खाली वळवायच्या कामाचा नव्हता. तिनं माझी कीव केली होती. ज्या पोरीसाठी मी हे सगळं ओढत होते, तिनं मलाच ओझ्यातून मोकळं केलं, आणि असं मोकळं होणं कुणा आईच्या नशिबी येऊ नये.

खाणीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला बाई हवी होती. तिथं परप्रांतातले कामगार जास्त, त्यांना भाकरी चालत नाही. मुलगी म्हणाली, घरी बसून काय करू, बाबा रोज जातातच, मीही जाते. मी नको म्हणायचं तेवढं म्हटलं. मग शेठच्या ऑफिसातून निरोप आला, शाळेचा दाखला आणून द्या, वयाला कागद लागतो. वय कमी भरत होतं. खाणीत नाही ना, कँटीनमध्ये आहे, चालतं, असं सांगण्यात आलं.

दाखला आणायला मी गेले. त्या दिवशी नवऱ्यानं मला बसमध्ये घेतलं. मुलगी बायकांमध्ये बसली होती, डोक्याला रुमाल बांधून, आणि त्यांच्या कसल्यातरी गमतीवर हसत होती. ती हसली याचं मला बरं वाटलं आणि तेच सहन होईना. गेटाशी बस थांबली, सगळे उतरले. मी नवऱ्याला म्हटलं, कोनच्या नाक्यापर्यंत तरी सोडा. त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. ‘‘बस हितपर्यंतच हाय गो,’’ म्हणाला. ‘‘मालकाची ऑर्डर नाय.’’

मी चालत शाळेत गेले. मधली सुटी चालू होती, व्हरांड्यात दहावीच्या मुली डबे उघडून बसल्या होत्या, त्यातली एकही आमच्या गावची नव्हती. क्लार्कनं रजिस्टर काढलं आणि मुलीचं नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली, प्रगती चांगली, असं भराभर लिहीत गेला. शाळा सोडण्याचं कारण, या ओळीवर त्यानं पेन थांबवलं नाही. मी त्याला म्हटलं, थांबा, मी सांगते कारण. त्यानं वर बघितलं. मी रस्ता म्हटलं, चढण म्हटलं, खाण म्हटलं, बस म्हटलं, आणि बोलता बोलता मलाच कळेना की यातलं नेमकं काय लिहायला सांगावं.

‘‘बाई, एवढं त्या ओळीत मावत नाही,’’ तो म्हणाला. रागानं नाही, अगदी सरळ. ‘‘आम्ही सगळ्यांचं एकच लिहितो.’’

त्यानं दाखला माझ्याकडे फिरवला. त्या ओळीत लिहिलं होतं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. खाली पालकाच्या सहीची जागा होती. मला सही करता येते, अंगठा लावावा लागत नाही. मी सही केली.